शेवटच्या नंबराचं गाणं

मी एक जुनी कॅसेट आहे, मित्रांनो, आणि मला लाल बटणाची भीती वाटते.

कारखान्यातून निघाले तेव्हा मी कोरी होते, म्हणजेच निर्धास्त होते. मग बाबांनी मला आणलं आणि रेडिओवरून देशोदेशींच्या गायनस्पर्धेतली सगळी गाणी माझ्यात भरली. शब्द घरात कुणालाच कळत नव्हते. त्यामुळे मतभेदांना काही अडचण आली नाही.

बाबा शाळामास्तर. दरवर्षी ते, त्यांची लेक आणि त्यांची थोरली बहीण, म्हणजे आत्या, मला ऐकत आणि गाण्यांना नंबर देत. इथवर ठीक. पण नापासाला वर्गात बसू द्यायचं नाही, हा बाबांचा नियम. शेवटचा नंबर आलेलं गाणं ते लाल बटण दाबून पुसत आणि त्या जागी स्वतः गात. स्पर्धेत जिंकलेलं गाणं आमच्याकडे पहिल्याच वर्षी असं गेलं. पाहुणे माझं कौतुक करत; मी आतून थरथरत असे. पुसलं जाणं दुखत नाही हो. फक्त मघाशी आपल्यात कोण गात होतं, ते आठवत नाही.

यंदा दोनच गाणी उरली होती. बाकी सगळे बाबा. त्यातलं एक गाणाऱ्या मुलीचा आवाज वरच्या सुरावर फाटतो. बाबांनी तिला शेवटचा नंबर दिला.

"बाबा, घाबरलीय ती. म्हणून तर खरी वाटते," लेक म्हणाली.

"घाबरायचं होतं तर स्टेजवर चढायचं कशाला?"

"मग तुझी गाणीपण धरू या की नंबरात," आत्या म्हणाल्या.

"ताई, परीक्षकाला गुण देत नसतात."

बोट लाल बटणाकडे निघालं. माझी फीत आवळून आली. तेवढ्यात आत्यांनी मला टेपरेकॉर्डरमधून खेचून काढलं, अंबाड्यातली पिन उपसली आणि माझ्या पाठीवरचे दोन्ही प्लास्टिकचे दात कडाकडा मोडले. ते नसले की लाल बटण खाली जात नाही.

मला परत आत बसवून त्या म्हणाल्या, "आता दाब!"

बाबांनी दाबलं. पुन्हा दाबलं. बटण हलेना.

"अगं बाई," आत्यांचा चेहरा उतरला. "म्हणजे तुझी गाणीपण कायमची राहिली की रे!"

मित्रांनो, माझी गोष्ट इथे सुखात संपली असती. पण दातांच्या खाचांवर चिकटपट्टी लावली की ते बटण पुन्हा चालतं. हे बाबांना आज सकाळी कुणीतरी सांगितलं. आता ते एकेक खण उघडत विचारताहेत, "चिकटपट्टी कुठे ठेवली गं?"

नंबर लावा, हवा तर शेवटचा लावा. पण त्या गाण्याला राहू द्या. आणि चिकटपट्टी तुम्हाला आधी सापडली, तर कृपा करून तिच्यावर बसून राहा.