साडेपाचपर्यंतचा खेळ

प्रस्तुत कथेत मी वाचकांसमोर एका खेळाची हकिकत ठेवणार आहे. खेळ म्हटल्यावर कोणी हसण्याची तयारी करून बसू नये, ही प्रारंभीच नम्र सूचना. हसणे या कथेत पुष्कळ आहे, परंतु ते कोणाच्याही कामी आलेले नाही.

मी पूर्वी कपडे धुण्याच्या मशीनची दुरुस्ती करीत असे. गुडघे निकामी झाल्यावर कंपनीने मला घरी बसून फोनवर तक्रारी ऐकण्याच्या कामास लावले. आमच्या तुकडीतील प्रत्येकजण आपापल्या घरी. परस्परांची भेट होई ती आठवड्यातून एकदा, तीही संगणकाच्या पडद्यावर. त्या मीटिंगच्या आरंभी सर्वांची मने मोकळी व्हावीत म्हणून एक लहानसा खेळ घ्यावा, अशी वरिष्ठांची आज्ञा होती. ते त्यास आईसब्रेकर म्हणत, आम्ही पोरखेळ म्हणत असू. तो घेण्याचे काम माझ्याकडे होते, कारण मिस्त्री तोंड उघडतो आणि माणसे हसतात, असे आमच्या मॅडमचे मत होते.

महिन्याचा तो अखेरचा दिवस. मीटिंगच्या थोडे आधी मॅडमचा फोन आला.

"मिस्त्री, आज खेळ मस्त हलकाफुलका घ्या. त्यानंतर मला लंबूला सांगायचंय, की त्याला कामावरून कमी केलंय."

"सगळ्यांसमोर?"

"एकट्याला सांगितलं की माणूस रडतो, भांडतो. चारचौघांत आवरून धरतो."

लंबू म्हणजे माझा तुकडीतील सर्वांत जिवलग मित्र. त्याच्या पत्नीच्या मणक्यापाशी गाठ वाढत होती आणि तिचे पाय दिवसेंदिवस बधिर होत चालले होते. दुसऱ्याच दिवशी सकाळी शस्त्रक्रिया ठरली होती, आणि ती कंपनीच्या विम्यावर व्हावयाची होती.

"मॅडम, उद्या वहिनींचं ऑपरेशन आहे. नोकरी गेली की विमाही गेला."

"माझ्या हातात काय आहे? वरून आलंय. आज राहिलं तर महिनाभर पुढं जाईल, मग माझीच खरडपट्टी. आणि हे आधी फुटलं ना, तर पुढचा नंबर तुमचा."

महिनाभर पुढे जाईल, या शब्दांतच मला वाट दिसली. साडेपाच वाजता मॅडमना मुख्य कार्यालयाच्या मीटिंगला हजर व्हावेच लागे, आणि ती रात्रीपर्यंत चाले. तोपर्यंत खेळ संपलाच नाही तर? प्रथम मी लंबूस फोन लावला. त्याने तो कापला. मिस्त्री खेळाची आठवण करून देण्यास पिडतो आहे, असे त्यास वाटले, हे त्यानेच मला मागाहून सांगितले. लिहून पाठवावे, तर तो पुरावा मॅडमच्या हाती लागण्याची भीती. तोच मीटिंग सुरू झाली.

लंबू इस्पितळाच्या जिन्यात उभा राहून मोबाईलवरून हजर झाला होता. आमच्या धंद्यात गिऱ्हाईक फोनवर तोंडाने मशीनचा आवाज काढून दाखविते आणि त्यावरून आम्ही बिघाड ओळखतो. त्याचाच मी खेळ केला. एकाने आवाज काढावा, इतरांनी बिघाड सांगावा.

आरंभ आमच्यातील ज्येष्ठ गृहस्थांनी, म्हणजे काकांनी केला. "घर्रर्र... खट! घर्रर्र... खट!"

"काका, हे मशीन आहे का तुमचं घोरणं?" असे विचारून आमची खिदळी खिदळू लागली. या मुलीस दुसरे नाव शोभतच नसे.

"घोरणं असतं तर तुझ्या काकूनं केव्हाच तक्रार नोंदवली असती, बाई."

"बेअरिंग गेलंय," लंबू म्हणाला. "चला, पुढचं."

उत्तर अचूक होते. तथापि मी म्हणालो, "चूक! नीट विचार करा."

"चूक? मिस्त्री, अरे तुझंच बेअरिंग गेलंय!"

हास्याचा स्फोट झाला. खिदळीने गळका पंप वाजविला. लंबूने तोही तत्काळ ओळखला. मी तोच आवाज सर्वांस एका सुरात काढावयास लावला. नंतर लंबूवर डाव दिला. त्याने कपडे पिळणारे, जागचे हलून नाचणारे मशीन असे हुबेहूब उभे केले की जिन्यातून जाणारी परिचारिकाही थबकली. काका डोळे पुसू लागले. माझे लक्ष घड्याळावर होते.

"मिस्त्री, आटपा आता," मॅडम म्हणाल्या.

"असं कसं? तुमचा आवाज राहिला!"

"मॅडम! मॅडम!" सर्वांनी एकच गिल्ला केला. मॅडमनी अनिच्छेने "भुर्रर्र" केले. साडेपाचास आता थोडाच अवकाश होता.

"दुसरी फेरी!" मी ओरडलो.

"मॅडम, तुम्हीच सांगा याला," लंबू म्हणाला. "वर डॉक्टर बोलावतायत, उद्याच्या सह्या राहिल्यात. पुरे झाला खेळ. कामाचं काय असेल ते उरका."

"लंबू, एकच डाव रे. माझं ऐक."

"तुझं काय जातंय? तू घरी बसलायस खुशाल. माझी बायको वर एकटी आहे."

"बरोबर बोलतायत ते," मॅडम म्हणाल्या. "थँक्यू. तर मग कामाचंच बोलते."

आणि त्या बोलल्या.

"आजपासून?" लंबूने विचारले.

"हो."

"बरं."

त्याचा चौकोन पडद्यावरून नाहीसा झाला. उरलेल्या जागेत आम्हा सर्वांची तोंडे आपोआप मोठी झाली.

संध्याकाळी मी काठी टेकीत इस्पितळ गाठले. वहिनी कॉटवर पिशवी भरून बसल्या होत्या.

"या भावोजी. कळलं का? डॉक्टर बाहेरगावी गेले म्हणे, ऑपरेशन पुढं गेलं. मी तर सुटले, बाई!" मग हसून म्हणाल्या, "आज जिन्यातून काय दंगा ऐकू येत होता तुमचा! यांना इतकं हसताना मी कित्येक दिवसांत ऐकलं नव्हतं."

लंबू त्यांच्यामागे उभा होता. त्याने माझ्याकडे पाहून केवळ मान हलविली. बोलू नकोस, असा त्या खुणेचा अर्थ. मी पिशवी उचलली. वहिनींनी पाय खाली सोडले, परंतु फरशी लागली की नाही हे त्यांना उमगेना. तेव्हा लंबूने त्यांस दोन्ही हातांवर उचलून घेतले आणि तो जिना उतरू लागला.

"हळू हो," वहिनी म्हणाल्या, "लोक बघतायत."

येथवर सोबत केल्याबद्दल वाचकांचे मनःपूर्वक आभार मानतो आणि लेखणी खाली ठेवतो.

आपला नम्र,
मिस्त्री