रोज सकाळी पुसलं जाणारं घर

वहिनींच्या हाताखालून गेलेली फरशी म्हणजे आरसा. कुत्र्यांचं आश्रयघर ते, पण आत पाय ठेवणाऱ्याला पहिला वास यायचा तो फिनेलचा. कुत्र्यांचा नव्हे. वहिनींना याचा मनातल्या मनात फार अभिमान होता.

हे आश्रयघर एका बंद पडलेल्या गोदामात होतं. ते चालवणारा माणूस पूर्वी बसवर ड्रायव्हर होता. एका खडखडत्या गाडीखेरीज त्याच्या मालकीचं काही नव्हतं, म्हणूनच सगळे त्याला मालक म्हणत. वहिनी त्याच्या जिवलग मित्राची बायको. मित्र गेला, वहिनी मागे राहिल्या, आणि घरी भिंतींशी बोलत बसण्यापेक्षा इथं मुक्या जिवांचं करू, म्हणून आल्या त्या इथल्याच झाल्या.

"वहिनी, तुमच्या फरशीवर यायचं म्हणजे चपला हातात घ्यायला हव्यात," मालक म्हणायचा.

"मग घ्या की! कोण नको म्हणतंय?"

अशा लखलखीत घरात चाचपड्या आला. सिमेंटच्या पाइपांच्या ढिगाऱ्यात सापडलेलं मूठभर पिल्लू. डोळे आजारानं आधीच गेले होते. आश्रयघरात येणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी पापण्या कायमच्या शिवून टाकल्या तेव्हा कुठं त्याचं दुखणं थांबलं. चालताना आधी पुढचा पाय हवेत धरायचं, खाली जमीन आहे ना याची खात्री करायचं आणि मग तो टेकवायचं. नाव त्याचं त्यानंच मिळवलं.

पण ते जेवेना. कुणीतरी अंगाला अंग लावून असलं, तरच दूधभातात तोंड घालायचं. एकटं ठेवलं की भांड्याकडे पाठ. वहिनी मांडीवर घ्यायला जात, तर त्यांच्या हाताशी नाक येताच शिंकायचं आणि मागं सरायचं. इतर कुत्री वहिनींवर जीव टाकत. ज्याच्यावर त्यांचा जीव जडला होता, तेच तेवढं लांब पळे.

"सलाइनवर किती दिवस काढणार?" डॉक्टरीणबाई त्याच्या बरगड्यांवरून बोट फिरवत म्हणाल्या. "याला सोबत हवी. आपली नाही, त्याच्या जातीची. ती मिळाली तर हा जगेल."

मग सोबत शोधणं सुरू झालं. त्याच्या वयाची पिल्लं आणली, तर त्यांनी त्याला फुटबॉल केलं. एक गरीब स्वभावाची तांबडी कुत्री आणली. संध्याकाळी दोघं छान झोपली, सकाळी मात्र चाचपड्यानं तिला पाहून, म्हणजे हुंगून, असा आकांत मांडला की ती बिचारी दाराशी जाऊन उभी राहिली.

शेवटी सासूबाई आपल्या पायांनी आल्या. सासूबाई म्हणजे इथली सगळ्यांत म्हातारी कुत्री. कुणी कसं खावं, कुठं बसावं, किती भुंकावं, यावर तिची सतत गुरगुर चाले. ती खोलीत आली, पिल्लाला आपादमस्तक हुंगलं, 'हं' असा आवाज केला आणि कोपऱ्यातल्या गोणपाटावर जाऊन पसरली. चाचपड्या चाचपडत गेला, तिच्या पोटाशी शिरला. थोड्या वेळानं दोघांची तोंडं एकाच भांड्यात होती.

"बघा! घराण्यात नातू आला की सासू कशी विरघळते!" मालक म्हणाला.

"तुम्हाला काय माहीत? तुम्ही तर लग्नच केलं नाहीत," वहिनी म्हणाल्या आणि डोळे टिपत हात जोडून उभ्या राहिल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांचा उत्साह काय विचारता! पहाटेच येऊन त्यांनी गोणपाट उकळत्या पाण्यात टाकलं, फरशी फिनेलनं घासली, आणि पाहुणी आता खोलीतच राहायची म्हणून सासूबाईंना औषधी साबणानं आंघोळ घातली. नवं कोरं कापड अंथरलं. मग दोघांना आत सोडलं.

चाचपड्या उंबऱ्याशीच थबकला. नाक वर केलं, थरथरला, आणि सासूबाई जवळ येताच पाण्याच्या टपामागं शिरून किंचाळायला लागला. सासूबाईंचा मानी स्वभाव. एकदा गुरगुरली आणि भिंतीकडे तोंड करून बसली.

"हेही गेलं," मालक हळूच म्हणाला. "काल संध्याकाळी मायलेकरं, आज अनोळखी. रोज सकाळी याला होतं तरी काय?"

डॉक्टरीणबाई टपाशी उकिडव्या बसल्या होत्या. "याचं सगळं घर नाकात असतं, मालक. आपण डोळ्यांनी ओळख ठेवतो, तशी हा वासानं ठेवतो. कालची ओळख आज कुठं हरवतेय, तेच कळत नाही."

वहिनींच्या हातात पिळलेलं फडकं होतं. त्या वाक्यानं त्यांचे हात जागच्या जागी थांबले.

त्यांना वडील दिसले.

वडील पुस्तकांची बांधणी करत. घराची पुढची खोली म्हणजे दुकान: पुठ्ठ्यांच्या थप्प्या, दाभण, मेण लावलेला दोरा, आणि पुठ्ठे चिकटवायला आईनं शिजवलेली खळ. कसर लागू नये म्हणून आई तिच्यात मोरचूद घालायची. त्या उग्र, आंबूस वासात वहिनींचं सगळं बालपण गेलं. पुढं वडिलांची दृष्टी हळूहळू गेली. तरी आई दारात यायच्या आधीच ते मान वळवून म्हणत, "आलीस?" आई खोटं खोटं रागवायची, "इश्श, चोरपावलांनी आले तरी कळतं मेलं!" आणि दोघंही हसत. वहिनी तेव्हा दोन वेण्या घालणारी पोर. त्यांना वाटे, बाबांना सगळं दिसतं, उगीच आंधळ्याचं सोंग घेतात.

मग आई गेली. आत्या आली ती पदर खोचूनच. तिचंही भावावर प्रेम होतं. ते तिनं घर धुऊन दाखवलं. भिंती, फरशी, आईचं पांघरूण, खळीचं पातेलंसुद्धा. संध्याकाळी वडील आपल्याच खोलीच्या मधोमध उभे राहिले, हात पुढं केले आणि लहान मुलासारखं विचारलं, "मला कुणाच्या घरी आणलंत?"

आत्या रडायला लागली. कुणाला काही सुचेना. तेव्हा त्या पोरीनं, का कोण जाणे, चुलीवर पातेलं चढवलं, पीठ कालवलं, चिमूटभर मोरचूद टाकला. खळ रटरटू लागली. वास पसरला तसे वडील भिंत न धरता चालत आले, आपल्या ठरलेल्या जागी बसले आणि म्हणाले, "दाभण दे गं, पोरी."

"वहिनी?" मालक विचारत होता. "बरं वाटत नाही का?"

"ओळख मी पुसतेय," वहिनी म्हणाल्या. "रोज सकाळी, या हातांनी."

डॉक्टरीणबाईंना उलगडायला क्षणही लागला नाही. तरी त्या म्हणाल्या, "स्वच्छता तर हवीच, वहिनी. पिल्लू नाजूक आहे."

"घाण मी तेवढ्यापुरती साध्या पाण्यानं काढीन. पण फिनेल नको, साबण नको. आणि गोणपाट वाळलं की परत घालते, मग ते तसंच राहू दे."

"चालेल. मळकं चालेल, ओलं मात्र नको."

त्या संध्याकाळी दोघांची पुन्हा पहिल्यापासून ओळख झाली. मानापमान, गुरगुर, आणि अखेर तेच गोणपाट, तेच पोट.

सकाळी वहिनी खोलीच्या दाराशी आल्या. कोपऱ्यात भाताची शितं वाळलेली, गोणपाटावर केस, हवेत कुत्र्याचा दमट वास. सवयीनं हात शिवशिवले. त्यांनी ते पदराखाली घेतले, देवाचं नाव घेतलं आणि फक्त दार उघडलं.

चाचपड्या जागा झाला. नाक वर केलं. नाक डावीकडे गेलं, उजवीकडे आलं, सासूबाईंच्या कानात घुसलं. सासूबाई वैतागून गुरगुरली, पण हलली नाही. पिल्लाची शेपटी हलली; आधी टोक, मग सगळं बूड.

वहिनींनी भांडं ठेवलं. दोघांनी मिळून ते चाटूनपुसून साफ केलं.

"वहिनी, आज फरशीवर चपला घालून आलो, चालेल ना?" मागून मालक म्हणाला.

"गप्प बसा," वहिनी म्हणाल्या, पण ओरडल्या नाहीत.

जेवण झाल्यावर चाचपड्या पाय हवेत धरत, टेकवत त्यांच्या दिशेनं आला. आज त्यांच्या हातांना शिजलेल्या भाताचाच वास होता. त्यानं बोटं हुंगली, तळहात हुंगला. शिंकला नाही. मग तळहातावर हनुवटी ठेवून तो तसाच उभा राहिला.

"आलास?" वहिनी म्हणाल्या.