शेवटचं कधी खाल्लं

माझी नणंद कपडे शिवते. तिचं मशीन आमच्याच घराच्या खालच्या खोलीत आहे. माझी चार वर्षांची चिमणी त्या मशीनशेजारी बसून ताटलीभर भात मुकाट्याने संपवते. माझ्यासमोर मात्र तोंड शिवून बसते.

इतर मुलं एखाद्या वेळी उपाशी राहिली तर काही बिघडत नाही. चिमणीचं शरीर मात्र साठलेल्या चरबीतून शक्ती काढू शकत नाही, जन्मापासूनच. पोट फार वेळ रिकामं राहिलं की साखर उतरते, यकृत सुजतं, पोर मलूल होते. म्हणून दर चार तासांनी भरवायचं, आजारी असली की तीन. हा दोष अर्धा माझ्याकडून आला, अर्धा तिच्या बाबांकडून. आत्याच्या वाट्याला नुसते लाड. मी जळते तिच्यावर, उगाच नाही कशाला म्हणू?

परवा चिमणीला ताप आला. सकाळी सातला चार घास कसेबसे गेले. दहाला तिने मान फिरवली ती फिरवलीच. गोष्टी सांगून झाल्या, धाक दाखवून झाला. "आत्या भरवेल," एवढंच तिचं पालुपद. खात नसेल तर सरळ दवाखान्यात आणा, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. पण ते म्हणजे नणंदेपुढे हार मानणं.

साडेअकराला नणंद वर आली, गळ्यात टेप तशीच.

"वहिनी, खाल्लं का गं हिने? मी बघू भरवून?"

"आत्ताच खाल्लंय, पोटभर," मी म्हणाले.

ती खाली गेली. अर्ध्या तासात मी भरवणारच होते. एक वाजता चिमणीची मान माझ्या हातावर कलंडली.

दवाखान्यात नणंदच तिला उचलून धावली. डॉक्टरीणबाईंनी बोट टोचून साखर पाहिली, सुई लावायला घेतली आणि विचारलं, "शेवटचं कधी खाल्लं?"

"साडेअकराला," नणंद म्हणाली. "वहिनीने पोटभर भरवलंय."

"दीड तासात एवढी उतरत नाही. मग हे दुसरंच काहीतरी दिसतंय."

"सातला," मी म्हणाले. "त्यानंतर काहीच नाही. मी हिच्याशी खोटं बोलले."

नणंदेने सुईसाठी चिमणीचा हात सरळ धरला. चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं.

सलाईनमधून साखर सुरू झाली. तासाभराने चिमणीने डोळे उघडले. मी अगदी तिच्या उशाशी बसले होते.

"आत्या," ती म्हणाली.

तेव्हासुद्धा माझ्या पोटात दुखलं. मी स्टुलावरून उठले आणि नणंदेला म्हणाले, "ये, तू बस इथे."