पाऊण इंच

“आत येऊ, की इथूनच भिंत बघू?” ताईनं उंबऱ्याबाहेरून विचारलं.

बावीस वर्षांनी ती दारात उभी होती. खांद्याला गवंड्याची पिशवी, केस निम्मे पांढरे. खाटेवरच्या बाबांनी तोंड फिरवलं, ते नेमकं त्याच भिंतीकडे, जिच्यासाठी मी तिला बोलावलं होतं.

“बाबा, आत झुकलीय. अंगावर येईल एखाद दिवशी,” मी म्हणालो.

“माझ्या हातची आहे. पडायची नाही. गवंडी आणून दाखव जा!”

“आणलाय की,” ताई म्हणाली आणि आत आली.

ती एकोणीस वर्षांची होती तेव्हाची गोष्ट. बाबा गवंडी, ती त्यांच्या हाताखाली. नुसतं बघून बघून थापी शिकली. एके दिवशी मालकासमोर तिनं बाबांच्या नव्या भिंतीवरून ओळंब्याचा दोरा सोडला आणि म्हणाली, “बाबा, भिंत अर्धा इंच बाहेर गेलीय.” मालक हसला. संध्याकाळी बाबांनी तिचं गाठोडं रस्त्यावर फेकलं. “बाईनं घमेली वाहायची, अक्कल शिकवायची नाही!”

भिंत वाकडी होती. मजुरांना दिसत होतं, मलाही. मी शेपूट घातलं. ताई मात्र एकटी निघाली आणि गवंडी झाली. आजही लोक तिच्या तोंडावर विचारतात, “मिस्तरी कुठाय?” ती हात धूत सांगते, “बोला, ऐकतोय मिस्तरी.”

तिनं स्टूल घेतलं, भिंतीच्या माथ्यावरून ओळंबा सोडला. लोखंडी गोळा डोलला, थांबला. खाली दोरा आणि भिंत यांच्यात फट दिसत होती.

“किती?” बाबांनी विचारलं.

कमी सांग, असं मी डोळ्यांनी खुणावलं. तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

“दोन बोटं.”

“कुणाची?”

“माझी.”

“तुझी बोटं बारीक.”

“आता नाहीत राहिली.”

तिनं हात पुढे केला. बाबांनी तो धरला. सिमेंटनं खाल्लेली कातडी, घट्टे, एक नख कायमचं काळं. म्हातारा त्यावरून अंगठा फिरवत राहिला.

“तेव्हा किती म्हणाली होतीस?”

“अर्धा इंच.”

“पाऊण होती,” बाबा म्हणाले.

खिडकीकडे तोंड करून तिनं दोरा गुंडाळला, सुटला, पुन्हा गुंडाळला. मग म्हणाली, “छताला टेकू लावू आधी. भिंत उतरवायलाच लागेल.”

“मग बघतेस काय?”

तिसऱ्या दिवशी नवी भिंत गुडघ्याएवढी झाली होती. बाबा खाली पोत्यावर बसून जुन्या विटांचा मसाला खरवडत होते. ताईनं न बघता हात मागं केला. बाबांनी वीट उलटसुलट करून पाहिली, फुंकर मारली, चांगली बाजू वर केली आणि तिच्या हातात दिली.