वीणेचा पहारा

सप्ताहाचा पाचवा दिवस. वीणा शालिकरामच्या गळ्यात होती. सातही दिवस ती खाली टेकवायची नसते, नाम तुटू द्यायचं नसतं. दर दोन तासांनी पहारा बदलतो आणि गावाला काही सांगायचं असलं तर त्या वेळीच माइकवर सांगतात. एरवी शालिकराम या नामात न्हाऊन निघायचा. आज तो सारखा घड्याळाकडे बघत होता.

बंडीच्या खिशात कागद होता. सकाळीच वांग्याच्या वाफ्यात पुतण्या हर्षल तो देऊन गेला होता, गळ्यात नव्या पक्षाचा जांभळा दुपट्टा.

"काका, सहाले पहारा बदलला का माइकवर हे वाचा."

बौद्धवाड्यातल्या सात नोकरदारांची नावं. यांच्याशी गावानं बोलणं-चालणं बंद करावं.

"कायले रे? त्यायनं काय केलं?"

"आमी घरी बसून राह्यलो अन् त्यायले पगार! आमी वाचलं तं राजकारण, विणेकऱ्यानं वाचलं तं गाव ऐकते."

"अन् नाई वाचलं तं?"

हर्षल हसला. "आठव्या नावाची जागा मोकळी ठेवली, काका."

दालमिल बंद पडली, कंपन्यांनी पोरं परत धाडली, मेथीला गिऱ्हाईक उरलं नाही. बापजाद्यांपासून एकाच चिन्हावर शिक्का मारणारी घरं दोन वर्षांत जांभळी झाली. जुन्या पक्षांचे फलक आता गोठ्यांना आडोसा झाले होते.

यादीतलं पहिलं नाव नरेंद्रचं. पोस्टातला नरेंद्र. सप्ताहाचा माइक दरवर्षी त्याचाच, आणि आत्ताही तो मशीनजवळ बसलेला.

सहा वाजले. पुढचा विणेकरी भाऊसिंग हात जोडून समोर आला. देवळाच्या दारात जांभळे दुपट्टे गोळा झाले. शालिकरामला नाही म्हणायची छाती नव्हती, आणि वाचायला जीभ उचलत नव्हती.

त्यानं डोळे मिटले आणि वीणा घट्ट धरली. "विठ्ठल, विठ्ठल."

टाळकऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि टाळ चालू ठेवले. गळ्यातली वीणा ओढून पहारा कोण बदलणार?

साडेसहा झाले. सात झाले. बायकांतून गोजराबाई आली, नवऱ्याच्या पाया पडता पडता पुटपुटली, "तुमचा पहारा कवाचा सरला वो."

"शालिकदादा, आज लय रंगले!" नरेंद्र कौतुकानं म्हणाला. "आवाज वाढवू का?"

शालिकरामनं मान डोलावली. खांदा भरून आला होता. दारातून कोणी हललं नव्हतं, आणि सप्ताहाचे अजून दोन दिवस बाकी होते.