झालं म्हणजे काय झालं?

घाटाखालच्या एका वाडीवरच्या शाळेत साईनाथने सकाळी सात वाजता अख्खी भिंत पांढरी केली. काम चोख होतं. कुठे ओघळ नाही, कुठे डाग राहिलेला नाही. फक्त त्या भिंतीवर सुरभीने तीन दिवस खपून फुललेला पळस काढला होता, त्यावर एकवीस पक्षी बसवले होते, आणि ते सगळे आता प्रायमरखाली गेले होते.

सुरभीने हर्षलाला फोन केला आणि एवढंच म्हणाली, "ताई, झाड गेलं."

चूक खरं तर हर्षलाचीच होती. "तीन नंबरच्या भिंतीला प्रायमर मारून घ्या" हा निरोप तिने ग्रुपवर टाकला होता तो कर्जतकडच्या कोंडाणे गावाजवळच्या शाळेसाठी. पण निरोप आणि शाळेचं नाव यांच्या मधे भिवाजीकाकांचे सुप्रभातचे दोन फोटो येऊन बसले. साईनाथ त्या वाडीवर पहिल्यांदाच गेलेला. त्याला वाटलं, जुनं चित्र आहे, खोडून नवं काढायचंय.

हर्षला मूळची कर्जतचीच. मुंबईत सात वर्षं जाहिरातींच्या कंपनीत काढून ती परत आली आणि तिने 'चौरंग' सुरू केलं. शाळांच्या, अंगणवाड्यांच्या भिंती रंगवायच्या. माणसं चारच. ती स्वतः, जन्मभर टेंपोवर आणि दुकानांच्या पाट्यांवर ब्रश चालवलेले कोंडाण्याचे भिवाजीकाका, अक्षरं आणि बॉर्डर यात हातखंडा असलेला खालापूरचा साईनाथ, आणि मोहोपाड्याची चोवीस वर्षांची सुरभी, जिच्या हातून झाडं-प्राणी असे उतरत की शाळेतली पोरं त्यांना लाडाने नावं देत. सध्या एका कंपनीच्या मदतीने कर्जत आणि खालापूर तालुक्यातल्या अकरा शाळांचं काम त्यांच्याकडे होतं. अकरा शाळा, साठेक भिंती, आणि सगळा कारभार एका व्हॉट्सॲप ग्रुपवर.

"आपल्याला एखादं सॉफ्टवेअर लागणार," हर्षला म्हणाली, पण नाइलाजाने. मुंबईची नोकरी सोडण्यामागे निम्मं कारण असंच एक सॉफ्टवेअर होतं. सकाळी डोळे उघडायच्या आत त्यावर लाल आकडे जमलेले असायचे.

पहिलं सॉफ्टवेअर तिच्या जुन्या मैत्रिणीने सुचवलं. मोठ्या स्टुडिओत तेच वापरतात म्हणाली. हर्षलाने रविवार घालवून साठ भिंती त्यात भरल्या, प्रत्येकीला तारीख दिली, माणूस दिला. बुधवारी साईनाथचा फोन बंद. गुरुवारीही बंद. शेवटी ती स्कूटर काढून त्याच्या घरी गेली.

तो पडवीत बसला होता. बायको जिजाने पाणी आणून दिलं आणि आत गेली.

"काय झालं रे? फोन का बंद?"

"ताई, मला लाल अक्षरात आलंय, तू लेट हायस म्हणून. एकदा नाय, नऊ वेळा." साईनाथ मान वर न करता बोलत होता. "मी साडेसातला शाळेत हुतो. शिपाई यायच्या आधी. आता मशीन सांगणार मला, मी लेट?"

"ते आपोआप येतं. मी नाही लिहिलेलं."

"कुणी का लिहीना. तुमचं झाड मी घालवलं ते एक हाय. पण कामाला मी कधी उशीर केला नाय."

हर्षलाचा मुंबईतला साहेब अगदी हेच म्हणायचा, मी नाही लिहिलेलं, ते आपोआप येतं. तिने तिथेच बसून साईनाथसमोर ते सॉफ्टवेअर आपल्या फोनमधून काढलं आणि म्हणाली, "झाडाची चूक माझी होती. तुझी नाही. हे मी त्याच दिवशी सांगायला हवं होतं."

साईनाथने फोन चालू केला.

दुसरं सॉफ्टवेअर दिसायला इतकं देखणं होतं की सुरभी त्यातले रंगच पाहत बसली. पण ते नेटवर्कशिवाय उघडायचंच नाही. डोंगराकडच्या शाळेत गेलं की स्क्रीनवर एक गोल फिरत राही. भिवाजीकाकांनी दोन दिवस फोन हातात उंच धरून आवारभर फेऱ्या मारल्या आणि तिसऱ्या दिवशी सांगितलं, "हे आपल्या डोंगराला मानवत नाय गं."

तिसरं अगदी साधं निघालं. एकेका भिंतीचं एकेक कार्ड. वर तीन रकाने: करायचंय, चालू आहे, झालं. कार्ड बोटाने सरकवायचं. मराठीत लिहिता येतं, फोटो जोडता येतो, रेंज नसली तरी चालतं आणि रेंज आली की आपलं आपण जुळवून घेतं. तारखा न टाकताही काम भागतं. हर्षलाने तारखा टाकल्याच नाहीत. कंपनीकडून हे काम पाहणाऱ्या नवीन नावाच्या माणसालाही तिने ते बघायला दिलं, म्हणजे रोजचे फोन वाचतील.

भिवाजीकाका तर त्याच्या प्रेमातच पडले. चहा पिताना कार्ड उघडून बघायचे. "हे बघ, असं धरायचं आन् असं सोडायचं. टुक!" साईनाथही मुकाट्याने वापरू लागला. तीन आठवडे मजेत गेले. हर्षलाला वाटलं, सुटलो एकदाचे.

मग एका सोमवारी नवीनचा फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता.

"मॅडम, कमाल केलीत! चौक गावाजवळची शाळा पूर्ण झाली? मी साहेबांची वेळ घेतली. शुक्रवारी अकराला उद्घाटन. पत्रिकाही गेल्या."

हर्षला त्या शाळेत शनिवारीच जाऊन आली होती. सहापैकी तीन भिंतींवर नुसत्या काळ्या रेघा होत्या. तिने फोन कानाला तसाच ठेवून कार्डं उघडली. सगळी 'झालं'च्या रकान्यात, काकांनी आणि साईनाथने सरकवलेली.

"नवीन, जरा पुढे ढकलता येईल का?"

"आता? साहेब पुण्याहून येतायत मॅडम."

दुपारी चौघं त्या शाळेच्या ओट्यावर जमले. हर्षलाने न चिडायचं ठरवलं होतं, पण आवाज चढलाच.

"काका, या तीन भिंती झाल्या?"

"झाल्या की."

"कुठे झाल्या? नुसता कोळसा ओढलाय!"

"अगं, आखणी झाली म्हंजे चित्र झालं," भिवाजीकाका शांतपणे म्हणाले. "नकाशात माथेरान कुठं, उल्हास नदी कुठून वळती, पाताळगंगा कुठं जाती, सगळं बसलंय. डोकं लागतं ते तिथं. म्होरं काय, रंग भरायचा. ते हाताचं काम."

हर्षला साईनाथकडे वळली. "आणि तू कधी 'झालं'मध्ये टाकतोस?"

"ब्रश धुतले की. ब्रश धुतल्यावर मी परत भिंतीला हात लावत नाय."

"सुरभी?"

सुरभी ओढणीचं टोक गुंडाळत बसली होती. "मी अजून एकही नाही टाकलं."

"तीन आठवड्यांत एकही नाही? तुझ्या सात भिंती मी डोळ्यांनी बघितल्यात!"

"पण त्या झाल्या असं नाही वाटत ना ताई. त्या मोराची मान अजून खटकते मला."

साईनाथ हसायला लागला. मग काका हसले, आणि हर्षलाचा राग कुठल्या कुठे गेला. तिला आठवेना, तिने स्वतः 'झालं' म्हणजे काय हे कुणाला विचारलं होतं का. ते तीन रकाने तिने सॉफ्टवेअरने दिले तसेच उचलले होते.

"बरं. आपणच ठरवू," ती म्हणाली. "तुम्ही बोला, मी लिहिते."

अर्ध्या तासात तीनचे सहा रकाने झाले: ठरलं. आखणी झाली. पहिला हात. सुकतंय. दुसरा हात. ब्रश धुतले. 'सुकतंय' हा साईनाथचा हट्ट होता. "ओल्या भिंतीवर बॉर्डर मारायला लावता मला तुमी, मग रंग पसरतो." शेवटच्या रकान्यात कार्ड सरकवायचं तर भिंतीचा फोटो लागणार, आणि सुरभीच्या भिंतीचं कार्ड साईनाथने सरकवायचं, हेही ठरलं. "तिच्यावर सोडलं तर मोर म्हातारा होईल," काका म्हणाले.

चार दिवस चौघंही त्याच शाळेत राबले. एरवी एका भिंतीपाशी दोघं आणि दुसरीकडे कुणी नाही असं व्हायचं. आता फोनमध्ये बघितलं की कळायचं, नकाशा सुकतोय, पाढ्यांची भिंत मोकळी आहे, तिकडे चला. भिवाजीकाकांनी हाताचं काम म्हणत म्हणत पाताळगंगेत चार निळे मिसळले. गुरुवारी संध्याकाळी पाच वाजता साईनाथने सुरभीच्या हातातून ब्रश काढून घेतला, पाण्याच्या डब्यात बुडवला आणि कार्ड सरकवलं. तिने मागे सरकून भिंत एकदा पाहिली.

"राहू दे का मग?" तिने विचारलं.

"राहू दे."

शुक्रवारचा समारंभ नीट पार पडला. साहेब नकाशासमोर उभे राहून आपलं आजोळ शोधत होते. सापडलं तेव्हा त्यांनी त्या गावावर बोट ठेवून फोटो काढून घेतला. मुख्याध्यापकांचं भाषण लांबलं. नवीनने कोपऱ्यात गाठून हर्षलाला विचारलं, कुठलं सॉफ्टवेअर वापरता, आमच्या ऑफिसातही हवं. तिने नाव सांगितलं, पण वर म्हणाली, "आधी सगळ्यांना ओट्यावर बसवा."

पुढच्या आठवड्यात साईनाथने तिला बाजूला घेतलं. जरा लाजत होता.

"ताई, जिजाचा बचत गट हाय, पापडांचा. तिने माझा फोन बघितला. म्हणते, आमालाबी असलं करून द्या. कुणाचे लाटून झाले, कुणाचे उन्हात हायत, कायसुद्धा कळत नाय, भांडणं होतात."

हर्षला रविवारी खालापूरला गेली. साईनाथच्या पडवीत बारा बायका बसल्या होत्या, मधे एकच फोन. हर्षलाने रकान्यांत काहीच लिहिलं नाही. फोन जिजाच्या हातात दिला आणि विचारलं, "पापड झाला, असं तुम्ही कधी म्हणता?"

बाराही जणी एकदम बोलू लागल्या.