एक लाख बेचाळीस हजार आठशे सत्तावन्न

दर्यापुरात गोवर्धन महाराजांच्या मांडवात त्या सकाळी नारळांपेक्षा कॅल्क्युलेटर जास्त होते. महाराजांनी फळ्यावर आकडा लिहिला: १४२८५७.

"दोनानं गुणा."

शंभरेक अंगठे मोबाइलवर हलले. २८५७१४.

"तिनानं."

४२८५७१. तेच सहा अंक, त्याच क्रमानं, नुसते पुढे सरकलेले. चारानं, पाचानं, सहानं, तेच. बायकांनी पदर डोक्यावर घेतले.

"हा आकडा मरत नाही," महाराज म्हणाले. "याले रोज एकशे आठ वेळा लिहा, देहही असाच जागेवर येईन. फक्त सातानं गुणू नका. सातावर शनीची नजर हाये."

पहिल्या रांगेत किसनराव वहीत लिहीत बसले होते. एसटीतले निवृत्त कंडक्टर. पंधरा दिवसांपासून त्यांनी इन्सुलिन सोडलं होतं, आणि डाव्या पायाचा अंगठा काळा पडत चालला होता. त्यांची सून माधवी शाळेत गणित शिकवायची. ती शेजारी येऊन बसली.

"मामाजी, इंजेक्शन घ्या न."

"तीस वर्सं तिकिटं फाडली. आकड्यात मले कोणी फसवलं काय? मी सोता गुणून पायलं. बरोबर येते."

"गुणाकार बरोबरच हाये. त्याचा तुमच्या पायाशी काय संबंध?"

"तुले गणित येते. श्रद्धा येत नाही."

माधवी उठली आणि थेट फळ्यापाशी गेली. "सातानं गुणते," ती म्हणाली. मांडव दोन पावलं मागे सरकला. एकानं छत्री उघडली.

९९९९९९.

काहीच पडलं नाही. छत्रीवाला जरा हिरमुसला.

मग तिनं एकाला सातानं भागून दाखवलं. "बाकी पाहा. एक, तीन, दोन, सहा, चार, पाच, अन् पुन्हा एक. सातानं भागल्यावर इतक्याच बाक्या उरू शकतात. म्हणून भागाकार गोल फिरते, अन् त्यातून हेच सहा अंक निघतात. दोनानं गुणलं म्हणजे तुमी त्याच चाकावर दुसऱ्या ठिकाणाहून चढले."

"म्हणजे गोल फिरणारी गाडी," किसनराव म्हणाले. "स्टॉप तेच, चढाची जागा वेगळी."

"बरोबर, मामाजी."

सगळ्या मांडवाला समजलं. माधवीनं श्वास सोडला, तोच महाराजांनी तिच्यापुढे हात जोडले. "बाईनं सिद्ध करून देल्लं. याले अंतच नाही."

टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी मांडवाबाहेर पाटी लागली: 'गणित शिक्षिकेने तपासलेला आकडा.' सातावरची बंदी उठली, सात वाजता खास आरती सुरू झाली.

"समजलं न तुमाले?" माधवीनं घरी विचारलं.

"समजलं. म्हणून तं इस्वास वाढला."

पुढच्याच महिन्यात अमरावतीच्या दवाखान्यात आधी अंगठा कापला, मग घोट्यापर्यंत पाऊल. शुद्धीवर आल्यावर किसनरावांनी वही मागितली.

"माधवी, ते गाडी फिरून परत येते न?"

"गाडी येते, मामाजी. पाय येत नाही."

त्यांनी मान डोलावली. त्यांना पटलंही असावं. मग त्यांनी नवीन पान उलटलं आणि वर लिहिलं: १४२८५७.

आकडा खरंच सुंदर आहे. तुम्हीही गुणून पाहा. पण ज्याचा गुणाकार बरोबर येतो, त्याचं पुढचं वाक्यही बरोबर असतं असं नाही. गुणून झालं की औषध घ्या.